पुढची पिढी येईपर्यंत

माणसाने लॅपटॉप घेऊच नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. तो घाईने घेऊ नये, एवढंच. घाईने माणसाचं काय होतं ते मी रोज बघतो, कारण मी विमा कंपनीत दावे विभागात आहे. कुणाची गाडी ठोकलेली असते, कुणाच्या दुकानात पाणी शिरलेलं असतं, आणि प्रत्येकाला पैसे आत्ताच्या आत्ता हवे असतात. अशा उतावळ्या लोकांना 'आपलं प्रकरण विचाराधीन आहे' हे वाक्य ऐकवणं ही माझी नोकरी. मी ते इतक्या शांतपणे म्हणतो की समोरच्याला क्षणभर वाटतं, आपणच आगाऊपणा केला. आमच्या विभागात हे कसब दुसऱ्या कुणाकडे नाही. फारच आरडाओरडा करणारा कुणी आला की खुद्द आमचे साहेब त्याला माझ्या टेबलाकडे पाठवतात आणि स्वतः चहाला जातात.

तर अशा माणसाला लॅपटॉप घ्यायचा होता. माझ्यासाठी नाही, बायकोसाठी.

बायको पूर्वी एका वास्तुविशारद बाईंच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायची. मुलगी झाली आणि ते सुटलं. आता मुलगी शिकायला बाहेर, होस्टेलवर. एका रविवारी त्या बाईंचा, म्हणजे बायकोच्या 'मॅडम'चा, अचानक फोन आला. एका शाळेच्या इमारतीचं मोठं काम मिळालंय, भरवशाचं माणूस हवंय, घरी बसून कर, पण महिनाअखेरीला सुरुवात झालीच पाहिजे. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. मशीन मात्र चांगलं हवं. फोन ठेवून बायको स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, त्या मला केव्हाच विसरल्या असतील. मला हे काम हवंय हो. फार हवंय."

त्या दिवशी मेव्हणी आणि साडू जेवायला आलेले होते. त्यांच्यासमोर मी छाती पुढे काढून जाहीर केलं, "लॅपटॉप माझ्याकडून! आणि असातसा नाही, उत्तमातला उत्तम!" मेव्हणीने टाळ्या वाजवल्या. साडूने नुसतीच मान हलवली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं, कारण हा साडू म्हणजे नाकाने कांदे सोलणारा माणूस. नोकरी रंगाच्या कंपनीत, भिंतींना लावायचा रंग विकतो. पण कॉम्प्युटर या विषयावर बोलायला लागला की जणू चिपा त्याच्या घरच्या गच्चीवरच वाळत घातलेल्या असतात. हे सगळं ज्ञान तो मोबाइलवर व्हिडिओ बघून मिळवतो, आणि तेही, मेव्हणीच्या म्हणण्यानुसार, संडासात बसून.

घरात एक लॅपटॉप होता, नाही असं नाही. मुलीने होस्टेलवर जाताना तो मागे ठेवला होता, यावरूनच त्याची योग्यता कळावी. त्याची बिजागरी तुटलेली असल्यामुळे पडद्याला मागून तांदळाचा डबा लावावा लागे. त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा. बायकोने त्यावर एकदा नमुन्यादाखल साधं बाथरूम काढायला घेतलं. तीन भिंती झाल्या आणि चौथ्या भिंतीला तो बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तीन भिंती. "या घरात आंघोळ करणाऱ्याची काही धडगत नाही," असा विनोद मी केला. ती हसली नाही.

मग आम्ही दुकानात गेलो. तिथला विक्रेता म्हणजे गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, आणि ओळखपत्रावर स्वतःचाच हसरा फोटो. मी जे बोट दाखवीन ते यंत्र त्याच्या मते 'सर, एक नंबर' होतं. बायको मात्र आमच्याकडे लक्ष न देता काचेजवळ मांडून ठेवलेल्या एका लॅपटॉपकडे गेली. तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला, मॅडमनी पाठवलेला नकाशा त्यात उघडला, आणि त्या शाळेचा अख्खा मजला झर्रकन पडद्यावर आला. तिने तो मोठा केला, फिरवला, एका वर्गाची खिडकी सरकवून बघितली.

"हा चालेल मला," ती म्हणाली.

चालेल! चपला घ्यायला आलोय का आपण? मी साडूला फोन लावला.

"कुठला म्हणालात?" साडू ओरडला. "अहो साडूभाऊ, तुम्हाला वेड लागलंय का? त्यात मागच्या पिढीची चिप आहे! पुढची पिढी दोन महिन्यांत येतेय. आख्खं आर्किटेक्चर बदलतंय. आत्ता घेणं म्हणजे शिळं विकत घेणं. थांबा!"

आता 'आर्किटेक्चर' हा शब्द साडूच्या तोंडून ऐकताना, ज्या बाईने ते खरोखरच केलेलं आहे ती माझ्या शेजारी उभी होती, हे माझ्या लक्षात यायला हरकत नव्हती. पण आलं नाही. मी विक्रेत्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणालो, "मागच्या पिढीचा माल कुणाच्या गळ्यात मारताय?" त्याचा चेहरा पडला. अशा वेळी फार बरं वाटतं.

घरी येताना बायको म्हणाली, "पण मॅडमना महिनाअखेरीला सुरुवात करायचीय."

"अगं, थांबतील त्या."

"त्या कशाला थांबतील?"

ऑफिसातही लोक असे प्रश्न विचारतात.

त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास सुरू केला. कोअर किती, उष्णता किती, बॅटरी किती, एका सेकंदात किती कामं, सगळं तोंडपाठ केलं. दाढी करताना परदेशी तज्ज्ञांची भाषणं ऐकू लागलो. त्यात एक टकला सद्गृहस्थ होता, तो दर आठवड्याला सांगायचा की आत्ता जो घेईल तो मूर्ख. असं स्पष्ट बोलणारी माणसं हल्ली राहिली नाहीत. इमारतीत खालीवर करताना जो भेटेल त्याला मी पुढच्या पिढीबद्दल सांगू लागलो. सोसायटीच्या सेक्रेटरीला तर मी फाटकाजवळ उभं करून सगळं तत्त्व समजावलं: तंत्रज्ञान रोज पुढे जातं, म्हणून शहाणा माणूस आज घेत नाही, उद्याची वाट बघतो. सेक्रेटरीच्या हातात भाजीची पिशवी होती आणि ती तो या हातातून त्या हातात घेत होता, पण ऐकलं त्याने सगळं.

एकाच माणसाने मला जुमानलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी. निवृत्त मुख्याध्यापिका. आमच्या बायकोची त्यांच्याशी फार गट्टी. मी त्यांना जिन्यात गाठून म्हणालो, "बाई, घरात काही यंत्र घ्यायचं असेल तर आधी मला विचारा हं. पुढची पिढी येतेय."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी जन्मभर पुढच्या पिढीलाच शिकवलं," त्या म्हणाल्या. "ती आली तरी लगेच काही कामाला लागत नाही."

शिक्षकी पेशातल्या लोकांना आपण फार चतुर बोलतो असा भ्रम असतो. मी सोडून दिलं.

तोवर जुन्या यंत्राचं काहीतरी करणं भाग होतं. समोरच्या फ्लॅटमध्ये एक इंजिनियर राहतो. हा पाण्याच्या पंपांचा इंजिनियर, पण इंजिनियर या जमातीला सगळंच येत असतं. तो म्हणाला, तापतोय म्हणून बंद पडतोय, खाली पंख्यांची पाटी ठेवा. मी पाटी आणली. तिला चार पंखे आणि निळे दिवे होते. ती सुरू केल्याबरोबर टेबलावरचे बायकोचे कच्चे नकाशे उडाले, एक खिडकीतून बाहेर गेला आणि खालच्याच्या वाळत घातलेल्या चादरीवर जाऊन बसला. लॅपटॉप तापायचा तो तापलाच. मग इंजिनियर म्हणाला, मेमरी वाढवा, अगदी सोपं आहे, मीच बसवून देतो. तो स्क्रू काढण्याची हत्यारं घेऊन आला, जिभेचं टोक बाहेर काढून बराच वेळ खुडबुडला, आणि शेवटी पट्टी बसेना म्हणून अंगठ्याने दाबली. कट्‌ असा आवाज झाला.

"हा आवाज यायलाच हवा," तो म्हणाला.

तो आवाज म्हणजे त्या लॅपटॉपचे शेवटचे शब्द होते. इंजिनियरने हत्यारं गोळा केली, "तसाही जुनाच होता," म्हणाला आणि दोन स्क्रू आमच्या टेबलावर विसरून निघून गेला. बायकोने मागचा तांदळाचा डबा उचलला आणि फडताळात जागच्या जागी ठेवला. मला ओरडणं चाललं असतं. तो डबा ठेवल्याचा आवाज मात्र लागला.

महिनाअखेर आली. मी विचारलं, "मॅडमना सांगितलंस का, थांबा म्हणून?"

"बोलले मी त्यांच्याशी," ती म्हणाली.

"मग?"

"झालं सगळं नीट."

बघा! मी म्हटलं नव्हतं, थांबतील म्हणून? शांतपणे सांगितलं की जग थांबतं. उगाच बायका घाबरतात. त्या दिवसापासून तिचा चेहराही जरा खुलला. दुपारी मी फोन केला तर उचलायची नाही, संध्याकाळी विचारलं तर म्हणायची, "खाली बाईंकडे होते." म्हटलं, चांगलंय. काम सुरू होईपर्यंत बिचारीने वेळ तरी कुठे घालवायचा? दोघी बसून गप्पा छाटत असतील. रविवारीसुद्धा जेवण उरकलं की ती चष्मा घेऊन खाली पळायची. गप्पांना चष्मा कशाला लागतो, हा प्रश्न मला पडला नाही. मी टकल्याचं भाषण ऐकत होतो.

याच सुमारास आमची लिफ्ट बंद पडली.

आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. सोसायटीची सभा गच्चीवर भरली. लिफ्टवाल्याने सांगितलं होतं की मोटार जळाली आहे, नवी बसवावी लागेल. विषय दोन मिनिटांत संपायला हवा होता. पण सेक्रेटरी उठला, घसा खाकरला आणि माझ्याकडे आदराने हात करून म्हणाला, "आपल्यामध्ये एक अभ्यासू गृहस्थ आहेत. त्यांनी मला जे समजावलं ते मी सांगतो. तंत्रज्ञान रोज पुढे जातं. शहाणा माणूस आज घेत नाही. मी चौकशी केली, मोटारीचंही नवं मॉडेल येतंय. कमी वीज, कमी आवाज. तेव्हा माझं म्हणणं, आपण थांबावं."

तळमजल्याचे, पहिल्या मजल्याचे आणि दुसऱ्या मजल्याचे सगळे एकदम "बरोबर, बरोबर" म्हणाले. खालच्या मजल्यांवर तंत्रज्ञानाची एवढी आस्था आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. सेक्रेटरी स्वतः तळमजल्यावर राहतो.

"तुमचं काय मत?" त्याने मला विचारलं.

सगळी सभा माझ्याकडे बघू लागली. आता मी काय म्हणणार होतो? लॅपटॉपला एक न्याय आणि लिफ्टला दुसरा? समोरून बायको बघत होती. बाई चष्म्यावरून बघत होत्या. माणसाला स्वतःच्या शब्दाची काही किंमत असते की नाही? मी हात वर केला. थांबण्याच्या बाजूने. ठराव मंजूर झाला, सभा संपली, आणि मी लोकांच्या मागे मागे गच्चीवरून एक मजला उतरून घरी आलो. हाच एक प्रवास त्यानंतर मला सोपा राहिला.

रोज पाच मजले. दुसऱ्या मजल्यापर्यंत मी सेक्रेटरीला शिव्या देत असे, चौथ्यापर्यंत साडूला, पाचव्यावर शिव्या द्यायला श्वास उरत नसे. साडूने सांगितलेले दोन महिने कधीच सरले. मी फोन केला तर म्हणे, "थोडं लांबलंय, पण लांबलंय म्हणजे भारीच असणार." ऑफिसात माझ्या खुर्चीचं एक चाक निखळलं, तर भांडारातल्या माणसाने सांगितलं की नव्या पद्धतीच्या खुर्च्या यायच्या आहेत, तोवर थांबा. हा भांडारवाला आमच्या मागच्या इमारतीत राहतो आणि त्याची आमच्या सेक्रेटरीशी ओळख आहे, हे मला नंतर कळलं. मी महिनाभर एका बाजूला कलून लोकांचे दावे लांबणीवर टाकत होतो. कललेल्या माणसाचं शांत बोलणं लोकांना तितकंसं पटत नाही, असा अनुभव आला.

अखेर ती पिढी अवतरली. विक्री सुरू झाली त्या सकाळी मी मोबाइल हातात धरूनच बसलो होतो. मागणी नोंदवली. मग डोळ्यात तेल घालून वाट बघू लागलो. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर निरोप आला: 'घरी कुणी नव्हतं, म्हणून माल परत नेला.' घरी मी होतो! मुद्दाम रजा काढून होतो! मी खिडकीतून वाकून पाहिलं तर पोचवणाऱ्याची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. लिफ्ट बंद आहे हे कळल्यावर त्या गृहस्थाने वर बघितलं, मजले मोजले आणि मला घराबाहेर काढलं.

मी कंपनीला फोन लावला. आधी गाणं लागलं. मग आणखी गाणं. मग एका बाईंचा आवाज आला, अतिशय शांत.

"आपली तक्रार विचाराधीन आहे."

"अहो पण बाई, मी घरी होतो!"

"आम्ही समजू शकतो, सर."

"मला ते आजच्या आज हवंय!"

"आपली तक्रार विचाराधीन आहे, सर."

काय आवाज होता! मला क्षणभर खरंच वाटलं की आपणच आगाऊपणा केला. मग मात्र मस्तकात तिडीक गेली. मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, ते सगळं आमच्या ऑफिसात लोकांकडून ऐकून ऐकून मला पाठ झालेलं होतं आणि वेळेला एकेक अगदी बरोबर आठवलं.

शेवटी त्यांच्या गोदामातून मीच तो खोका घेऊन आलो. गोदाम गावाबाहेर, त्यातून ओळखपत्र दाखवा, मग ओळखपत्रावरचा पत्ता हाच का ते दाखवा, मग अंगठा लावा. माझा अंगठा त्यांच्या यंत्राला पटेना. पण खोका हातात आला आणि मी सगळं विसरलो. उत्तमातला उत्तम! म्हटलं, आता तिला दाखवतो, थांबण्याचं फळ काय असतं ते. रिक्षात मी तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

जिना चढायला लागलो. पहिला मजला ताठ मानेने. दुसऱ्याला खोका या कुशीतून त्या कुशीत घेतला. तिसऱ्या मजल्यावर मात्र छाती भात्यासारखी चालायला लागली आणि मी भिंतीला टेकून उभा राहिलो. समोर बाईंचं दार सताड उघडं होतं.

आत जेवणाच्या टेबलाशी माझी बायको बसली होती. पाठ ताठ, चष्मा नाकावर, केसांत पेन्सिल खोचलेली. तिच्यापुढे एक लॅपटॉप. मी तो लगेच ओळखला. दुकानात काचेजवळ होता तोच, मागच्या पिढीचा. पडद्यावर शाळेचा जिना हळूहळू वर चढत होता. बाई शेजारी बसून शेंगा सोलत होत्या.

"हे काय?" मी म्हणालो. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. श्वासच नव्हता.

बायकोने वर पाहिलं. दचकली नाही. "आलात? थांबा जरा, एवढा जिना पुरा करते."

"कधी घेतलास?"

"तुमच्या इंजिनियरने आपला मोडला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मॅडमनी उचल दिली." ती माउस हलवत बोलत होती. "शाळेचा शेवटचा मजला चाललाय. पुढचं दवाखान्याचं कामही मलाच देतायत."

"मग घरी का नाही आणलास?"

आता तिने माउस सोडला. "घरी आणला असता, तर तुम्ही परत करायला लावला असतात. मला भांडायचं नव्हतं. मला काम करायचं होतं."

बाई शेंगांकडे बघत राहिल्या. एरवी चष्म्यावरून बघायची सवय, पण त्या वेळी त्यांनी मान वर केली नाही, याबद्दल मी त्यांचा जन्माचा आभारी आहे. मला फार लाज वाटली. आणि रागही आला, पण तो नेमका कुणावर काढायचा ते सुचेना. मी खोका पुढे केला. निदान एवढं तरी.

"हा घे. पुढच्या पिढीचा. तुझ्यासाठी." आणि मी सुरू झालो. कोअर किती, उष्णता किती, बॅटरी किती, सेकंदाला किती कामं. मला थांबताच येईना. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा खोक्यावरून हातही फिरवला, अगदी मायेने.

"छान आहे," ती म्हणाली. "यावर आमचं नकाशाचं सॉफ्टवेअर चालतं का?"

चार महिने मी या चिपेची कुंडली पाठ करत होतो.

"तुझं सॉफ्टवेअर कुठलं?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"आत्ता विचारताय," ती म्हणाली, आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

तिचा जिना व्हायचा होता. बाईंनी सोललेल्या शेंगांची वाटी माझ्यापुढे सरकवली. आत बसायला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण मी बाहेर आलो आणि खोका मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. खिशात फोन वाजला. साडू होता.

"घेतलात?" तो ओरडला. "अहो साडूभाऊ, काय घाई केलीत! आत्ताच बघितलं, याच्या पुढची..."

मी फोन बंद केला. वर दोन मजले होते आणि आतून माउसचा टकटक आवाज येत होता. तिचं काम आटोपेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो.